नाटकात काम करायचंय? आधी महिना बघा

दर नोव्हेंबरात मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. कुणाचा तरी भाचा, कुणाच्या तरी मैत्रिणीची मुलगी. "दादा, फर्स्ट इयरला आहे. पुरुषोत्तमला काम करायचंय. ऑडिशन कुठे असते?" पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, प्राथमिक फेरी पुण्यात भर पावसाळ्यात, साधारण ऑगस्टात होते आणि अंतिम फेरी सप्टेंबरात. कॉलेजांचे संघ जुलैतच ठरलेले असतात. नोव्हेंबरात विचारणाऱ्याला मी काय सांगणार? पुढच्या जूनपर्यंत थांब, असं म्हणवत नाही. मग बोलत बसतो. त्या फोनांवर जे बोलतो, तेच इथे एकदा नीट लिहून ठेवतोय.

मी नोकरी सांभाळून हौशी नाटक करणारा माणूस. कॉलेजात एकांकिका केल्या, आता रात्री साडेआठला एका शाळेच्या हॉलमध्ये तालमीला जातो. ऑडिशन दिल्यात आणि गेली काही वर्षं घेतोही. व्यावसायिक नाटकात किंवा मालिकेत शिरायचं कसं, हे मला विचारू नका.

वर्षाचा नकाशा

मराठी हौशी आणि कॉलेजच्या नाटकाला हंगाम असतो. शेतीसारखाच. पेरणीच्या वेळी शेतावर नसलात तर कापणीला तुम्हाला कोण बोलावणार?

जून-जुलै हा कॉलेजसंघांच्या बांधणीचा काळ. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक घेते. भरत नाट्य मंदिरात होणारी ही स्पर्धा कॉलेजच्या पोरांसाठी सणच असते, आणि 'आवाज कुणाचा' ही आरोळी रस्त्यापर्यंत ऐकू येते. इथे मान लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयाला आहे, झगमगीत नेपथ्याला नाही. म्हणून नव्या नटासाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. परीक्षकही कडक. २०२२ साली त्यांनी एकाही एकांकिकेला करंडक दिला नव्हता. मुंबईत याच सुमाराला विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची धावपळ सुरू होते. युवा महोत्सवांतली एकांकिका साधारण अर्ध्या तासाची, प्रहसन दहा मिनिटांचं आणि मूकाभिनय पाच मिनिटांचा. एकांकिकेच्या संघात जागा मिळाली नाही तर प्रहसनाच्या संघात विचारा. तिकडे गर्दी कमी असते आणि शिकायला तेवढंच मिळतं.

पावसाळा सरला की आयएनटी (इंडियन नॅशनल थिएटर) आणि 'लोकसत्ता' दैनिकाची लोकांकिका या एकांकिका स्पर्धा आणि गावोगावचे करंडक येतात. पुण्याचा फिरोदिया करंडक नव्या वर्षात होतो. त्याचा बाज वेगळा आहे: नाटक, नाच, वादन, चित्र, हस्तकला असं सगळं एकाच सादरीकरणात गुंफायचं असतं. अभिनय जेमतेम पण तबला चांगला, अशा मुलाने तिथूनच शिरावं. 'सवाई'ला मात्र ऑडिशन नसते. चतुरंग प्रतिष्ठानच्या त्या स्पर्धेत वर्षभरात इतरत्र पहिल्या आलेल्या एकांकिका उतरतात. पण २५ जानेवारीची रात्र जागून ती बघाच. इतर कॉलेजं कुठे पोचली आहेत, ते एका रात्रीत कळतं.

कॉलेज संपलेल्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे. महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा साधारण नोव्हेंबरपासून केंद्रोकेंद्री सुरू होते. कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, नागपूर अशी केंद्रं गावापासून फार लांब नसतात. प्रवेशिका संस्थेच्या नावाने भरायच्या असतात, त्यामुळे एकट्याने अर्ज करून काही होत नाही. आधी संघ गाठावा लागतो, आणि संघ ऑगस्ट-सप्टेंबरात नट शोधत असतात. बालनाट्य, संगीत नाटक, हिंदी आणि संस्कृत नाटकांच्या शासकीय स्पर्धा वेगळ्या. कारखान्यात किंवा कंपनीत काम करत असाल तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची नाट्यस्पर्धाही आहे, आणि जवळच्या कामगार कल्याण केंद्रात तिची चौकशी होते.

तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, म्हणून मी महिनेच सांगतोय. नेमकी तारीख त्या त्या संस्थेच्या सूचनेवरून घ्या, मित्राच्या स्टेटसवरून नको.

आपल्या गावात नाटक कुठे शिजतं?

पुण्यात असाल तर शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आणि हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह या दोन जागांचे महिन्याचे कार्यक्रम आधी बघा. छोट्या जागा असल्या की नट आणि प्रेक्षक एकाच जिन्याने उतरतात. हे महत्त्वाचं आहे. बालगंधर्व रंगमंदिरात प्रयोगानंतर कलाकार मागच्या दाराने गाडीत बसून जातो. इथे तो तुमच्या शेजारी उभा राहून चहा पितो. मुंबईत प्रभादेवीची पु. ल. देशपांडे कला अकादमी, जुहूचं पृथ्वी थिएटर, माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर ही ठिकाणं डोक्यात ठेवा. ठाण्या-डोंबिवलीकडे प्रत्येक उपनगरात दोन-तीन हौशी संघ असतातच.

लहान गावात असाल तर 'आमच्याकडे काही नाही' असं म्हणायच्या आधी तीन ठिकाणी चौकशी करा. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेची शाखा. गणेशोत्सवात किंवा देवीच्या उत्सवात नाटक बसवणारं मंडळ. आणि शाळेतला तो एक शिक्षक, जो दरवर्षी स्नेहसंमेलनात नाटुकली बसवतो. तिसरा पत्ता सगळ्यात खात्रीचा. गोव्यात असाल तर प्रश्नच नाही. देवळाच्या उत्सवात गावच्या पोरांनी नाटक करायचं ही तिथली जुनी रीत, आणि वर कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा आहेतच. पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्र-रात्र चालते, आणि गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिचं केंद्र. तिथे काम मानधनावर होतं, त्यामुळे ती हौशी नाटकाच्या एक पायरी पुढची गोष्ट आहे.

आता एक काम करा. येत्या महिनाभरात तिकीट काढून चार प्रयोग बघा. स्पर्धेचा हंगाम असेल तर त्यातला एक तरी राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावरचा असू द्या, कारण तिकीट अगदी नाममात्र असतं. प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकाला भेटा. मध्यंतरात भेटू नका, तेव्हा त्याच्या डोक्यात दुसऱ्या अंकाचा सेट असतो. "सर, काम द्या" म्हणू नका. "तालीम बघायला येऊ का?" एवढंच विचारा. याला फारसं कुणी नाही म्हणत नाही.

विंगेतून आत

मराठी हौशी नाटकात जाहीर ऑडिशन ही अलीकडची चाल आहे. अजूनही निम्म्याहून जास्त भूमिका ऑडिशनशिवायच ठरतात, असं माझं निरीक्षण. दिग्दर्शक तालमीच्या हॉलमध्ये नजर फिरवतो आणि जो रोज वेळेवर येतो, त्याला म्हणतो, "तू जरा हे वाच."

म्हणून पहिल्या वर्षी बॅकस्टेज मागून घ्या. प्रॉपर्टीची, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंची, यादी सांभाळणं, संगीत ऑपरेट करणं, प्रॉम्प्टिंग (अडलेल्या नटाला वाक्य सुचवणं), नेपथ्य उचलणं. प्रॉम्प्टरचं काम तर मी फार विचार न करता घ्यायला सांगेन. महिनाभर संहिता समोर धरून बसलात की कुठलं वाक्य कुणाच्या तोंडात अडखळतं आणि लेखकाने पॉज कुठे ठेवलाय, हे आपोआप कळायला लागतं.

माझी सुरुवात संगीत ऑपरेट करण्यापासून झाली, आणि ती भयंकर झाली. नाटकात फोन वाजायचा होता. नटाने टेबलापाशी जायचं, क्षणभर थांबायचं, मग घंटा, मग त्याने रिसीव्हर उचलायचा. मी विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, त्याच्याकडे बघत बसलो, नाटक बघत बसलो खरं तर, आणि बटण दाबायचं राहिलं. त्याने बिचाऱ्याने वाट बघून रिसीव्हर उचलला, "हॅलो" म्हणाला, आणि मग घंटा वाजली. प्रेक्षागृहात जो हशा झाला, तो त्या नाटकातला एकमेव हशा होता. नाटक गंभीर होतं. नंतर मला कुणी ओरडलं नाही, फक्त दिग्दर्शकाने माझ्या संहितेत त्या ओळीभोवती पेन्सिलने जाड गोल काढून दिला. क्यू, म्हणजे आपलं काम नेमकं कधी सुरू करायचं त्याची खूण, काय असते, ते त्या गोलाने मला शिकवलं. पुढे नट म्हणून उभा राहिलो तेव्हा समोरच्याचं वाक्य संपायची नुसती वाट बघायची नसते, ते ऐकायचं असतं, हे आधीच कळलेलं होतं.

ऑडिशनसाठी काय तयार ठेवायचं

दोन स्वगतं पाठ हवीत, दीड-दोन मिनिटांची. एक गंभीर, एक हलकं. गाजलेल्या नाटकातलं गाजलेलं स्वगत घेऊ नका. समोर बसलेल्याने ते शंभर वेळा ऐकलेलं असतं, आणि तुम्ही नकळत त्या मोठ्या नटाची नक्कल करता. त्यातही ओरडून, रडून, गुडघ्यांवर कोसळून संपणारं तर नकोच. दिवसाला तीस मुलं तपासताना तिशीच्या तिशी गुडघ्यांवर येताना बघितली आहेत मी. ज्यात तुम्ही समोरच्या कुणाला तरी काही पटवताय, लपवताय, मागताय, असा उतारा घ्या. स्वतःशीच बोलणारा उतारा नवख्याच्या हातात गळा काढण्याकडे जातो.

उतारा कसा घडवायचा, ते एका वाक्यावर दाखवतो. वाक्य अगदी साधं: "आई, मी जेवून आलोय." आता तीन माणसं घ्या. पहिल्याला माहितीये की डब्यात एकच भाकरी उरलीय, आणि त्याला भूक लागलीय. दुसरा सकाळच्या भांडणानंतर घरी आलाय आणि त्याला आईच्या हातचं खायचंच नाही. तिसरा पहिल्या पगाराच्या दिवशी हॉटेलात जेवून आलाय आणि आईने 'कुठे?' असं विचारावं म्हणून थांबलाय. शब्द तेच. पहिला 'जेवून' वर नजर चुकवेल, दुसरा 'आई' म्हणणार नाही किंवा उगाच जोर देऊन म्हणेल, तिसरा वाक्य संपल्यावर जागचा हलणार नाही. ऑडिशनमध्ये बहुतेक जण वाक्य कसं म्हणायचं याची तयारी करून येतात. हा माणूस हे वाक्य का बोलतोय आणि त्याला समोरच्याकडून काय हवंय, ते ठरवून या. मग कसं म्हणायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. 'आवाज फेका' असं सगळे सांगतात आणि पोरं ओरडायला लागतात. खरा घोटाळा वेगळाच असतो. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच येतो. "मी तुझ्या वडिलांचे पैसे घेतलेले नाहीत." श्वास संपत आल्यावर नवखा नट हे 'नाहीत' गिळतो. मागच्या रांगेला ऐकू येतं, "मी तुझ्या वडिलांचे पैसे घेतले…" आणि नाटक उलटं होतं! घरी मोबाइलवर रेकॉर्ड करा, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द कानावर पडतोय का, तेवढंच तपासा. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं केलंत तरी फरक पडतो.

बोलीबद्दल एक आगाऊ सल्ला. तुमची बोली वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, माणदेशी जी असेल, ती लपवू नका. एक उतारा तिच्यात ठेवा. प्रमाण भाषाही स्वच्छ हवी, 'न' आणि 'ण' वेगळे ऐकू यायला हवेत, पण घरची बोली ही तुमची पुंजी आहे. मात्र दुसऱ्याची बोली चार लकबी उचलून करायला जाऊ नका. समोर त्या गावचा माणूस बसला असेल तर तिथेच संपलं.

गाणं येत असेल तर एखाद्या पदाचं किंवा ओवीचं एक कडवं तयार ठेवा. येत नसेल तर येत नाही म्हणा. कुणी तुम्हाला त्यासाठी काढणार नाही.

त्या दिवशी

अर्धा तास आधी पोचा. वाकता, बसता, जमिनीवर लोळता येईल असे कपडे घाला. पेन्सिल आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या. फोटो मागितला असेल तर साधा, अलीकडचा, चेहरा नीट दिसणारा. हौशी संघासाठी पोर्टफोलिओवर एक रुपयाही खर्च करू नका.

आत गेल्यावर नाव सांगा आणि सुरू करा. 'सर, घसा बसलाय', 'सर, काल रात्रीच कळलं' ही प्रस्तावना नको. मध्येच थांबवलं तर घाबरू नका, बऱ्याचदा चांगलं वाटलं म्हणूनच थांबवतात आणि मग म्हणतात, "आता हेच कुजबुजत म्हण" किंवा "हेच झाडू मारता मारता म्हण." तुम्ही किती चांगलं केलंत यापेक्षा सांगितलेला बदल घेता का, ते तिथे बघितलं जातं. मी स्वतः कितीदा तरी छान तयारी केलेल्या मुलाला सोडून, बरा वाचणाऱ्या पण सूचना ऐकणाऱ्या मुलीला घेतलंय. चाळीस दिवस तालीम तिच्याबरोबर करायची असते.

हातात अनोळखी पान देऊन वाचायला सांगितलं तर एक मिनिट मागून घ्या. त्या मिनिटात पाठांतर करायचं नाही. कोण कुणाशी बोलतंय, नातं काय, आणि कुठल्या ओळीवर वारं फिरतंय, एवढं शोधा. वाचताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान वर काढून जोडीदाराकडे बघा. एखादा शब्द चुकला तर चुकू द्या.

निघायच्या आधी तुम्हीही चार गोष्टी विचारा: तालीम कुठे आणि किती ते किती, प्रयोग कधी, वर्गणी आहे का, आणि बाहेरगावी जायचं झालं तर राहायची सोय काय. नोकरदारांनी आणि लहान मुलं असलेल्या बायकांनी तर हे विचारायलाच हवं. रात्री साडेदहाला तालीम सुटल्यावर शेवटची बस मिळते का, हा प्रश्न अभिनयाइतकाच मोठा आहे. चांगला दिग्दर्शक त्यावर वैतागत नाही. आमच्या संघात दोन जणी आहेत, त्यांचे प्रवेश आम्ही आधी घेतो आणि नऊ-सव्वानऊला त्यांना सोडतो.

पैसा, आणि पैशाच्या नावाखाली

हौशी नाटकात मानधन बहुधा नसतं, उलट चहा-वड्याची आणि टेम्पोची वर्गणी निघते. 'नाईट' हा शब्द, म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसे, व्यावसायिक नाटकाचा आहे. वर्गणी संघात शिरल्यावर, सगळ्यांकडून सारखी निघते. पण निवडीच्या आधीच नोंदणी शुल्क, कार्ड, वर्कशॉप सक्तीचं, फोटोशूट आमच्याच माणसाकडून, असं काही सुरू झालं की उठा. ऑडिशन हॉलमध्ये, शाळेत, कॉलेजात, नाट्यगृहाच्या तालीम-दालनात होते, चार लोकांसमोर होते. कुणी हॉटेलच्या खोलीवर किंवा घरी एकटं बोलावत असेल तर जाऊ नका, नाव कितीही मोठं सांगितलं तरी. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

स्वतःच संघ काढणार असाल तर आणखी दोन कागद लागतात, आणि नवे संघ नेमके इथेच अडकतात: लेखकाचं परवानगीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं) संहितेसाठीचं प्रमाणपत्र. तालमी सुरू करायच्या आधी लेखकाला फोन करा. सेट उभा राहिल्यावर नकार आला तर रडायलाही वेळ नसतो.

यादीत नाव नसेल तर

दोन दिवस जाऊ द्या, मग दिग्दर्शकाला एकच प्रश्न विचारा: "पुढच्या वेळी कशावर काम करू?" 'मला का नाही घेतलं' असं विचारलंत तर तो बचावाला उभा राहतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही. बऱ्याचदा कारण तुमच्या हातातलं नसतंच. नायिका सव्वापाच फुटांची, तुम्ही सव्वासहा. किंवा बापाची भूमिका करणाऱ्याशी तुमचा चेहरा जुळत नाही. उत्तर मिळालं की त्याच फोनवर विचारा, "बॅकस्टेजला माणूस हवाय का?"

आणि यादीत नाव असेल तर पहिल्या वाचनाला कोरी संहिता घेऊन येऊ नका. आपली वाक्यं रंगवून ठेवायची सगळ्यांना सवय असते. मी सांगतो, आपलं वाक्य सुरू होण्याआधीचं समोरच्याचं वाक्य अधोरेखित करा. श्वास घ्यायच्या जागी उभी रेघ, हालचाल असेल तिथे बाण, सगळं पेन्सिलने, कारण ब्लॉकिंग, म्हणजे रंगमंचावर कुणी कुठे उभं राहायचं आणि कुठे जायचं ते, तिसऱ्या आठवड्यात बदलणारच असतं. पाठांतर पहिल्या अंकाचं दहा दिवसांत संपवा. हातात कागद असेपर्यंत हातांनी काय करायचं, हा प्रश्न पडत नाही. तो कागद सुटल्यावर पडतो आणि तो सोडवायला तालमी हाताशी लागतात. रंगीत तालमीला चप्पल, चश्मा, पिशवी जे प्रयोगात वापरणार तेच वापरा. नव्या चपलेचा आवाज आमच्या एका प्रयोगात शोकप्रसंगभर वाजत होता, करकर करकर, आणि प्रेतापाशी बसलेला नट पोट धरून हसू दाबत होता.